तेल बाजारातलं नव्हतं

अन्याय झाला तो सुलोचना नावाच्या बाईवर. गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या संशोधन प्रयोगशाळेच्या दारात. वेळ मिनिटासकट सांगते, कारण मी तेव्हा सारखी घड्याळाकडे बघत होते. पाहुणे साडेअकराला येणार होते.

सुलोचना म्हणजे माझी आई.

आडनाव सांगत नाही. आडनाव सांगितलं की तुम्ही पुढचं वाचायच्या आधीच काय ते ठरवून मोकळे व्हाल.

ती दारात आली. अंगावर ठेवणीतली निळी साडी. केसांत अबोलीची वेणी. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. पाहुण्यांची वाट बघत सर स्वतःच दारात उभे होते. सर म्हणजे माझे गाईड, प्रयोगशाळेचे प्रमुख.

"कोण पाहिजे?" सरांनी विचारलं.

"मी पावसकडनं आलंय."

"पावसला कुठे?"

"पावसच्या पलीकडं. खाडीच्या अंगाला."

"वाडी कुठली?"

"बौद्धवाडी."

सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कोडं सुटावं तसा. "हां, म्हणजे ठेकेदारानं पाठवलंय तुम्हाला. किती उशीर बाई! नेहमीच्या मावशी आज रजेवर, आणि तुम्ही या वेळेला येताय. मागच्या दारानं आत या. मोरीत बाटल्या पडल्यात, पाहुणे यायच्या आत विसळून टाका. पिशवी बाहेर ठेवा ती."

कोकणाबाहेरच्या माणसाला या संवादात काही वाटणार नाही. गाव विचारलं, वाडी विचारली, बस्. पण आमच्याकडे गाव विचारून कोणी थांबत नाही. गावात कुळवाडी असते, भंडारवाडी असते, ब्राह्मणआळी असते, आणि एका कडेला आम्ही असतो. वाडी सांगितली की जात सांगून झाली. कोणी जात विचारलीच नाही, आणि सगळ्यांना कळलेली. इतकं सभ्य हत्यार मी दुसरं पाहिलेलं नाही.

आईनं तोंड उघडलं होतं. काहीतरी सांगणार होती. सर वळलेसुद्धा.

मग तिनं आत बघितलं. माझ्याकडे.

मी तीन पावलांवर होते. टेबलापाशी. यूव्ही दिव्याची वायर नीट करत होते. मी सगळं ऐकलं होतं. शब्दन्‌शब्द. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ती थांबली. पाच सेकंद थांबली असेल. मी बोलेन म्हणून थांबली.

मी खाली मान घातली आणि दिव्याचं बटण तपासलं. ते चालू होतं. मला माहीत होतं ते चालू आहे.

मी. विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिणारी मी. शिष्यवृत्ती अडली की समाजकल्याणच्या दारात बसून घसा फोडणारी मी. "अन्याय बघून गप्प बसणारा अन्यायाचा भागीदार", हे वाक्य मी स्वतः लिहून, स्वतः छापून, बसस्टँडवर वाटलेलं आहे. ती मी गप्प बसले. कारण सरांच्या टेबलावर माझा पीएचडीचा फॉर्म होता. त्यावर त्यांची सही व्हायची होती. मनात म्हटलं, कार्यक्रम उरकू दे, मग सांगू. आई काय, आपलीच आहे.

आई मागच्या दारानं आत आली आणि मोरीशी उभी राहिली.

त्या बाटल्यांत काय होतं ते आता सांगते. सांगितल्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला कळणार नाही.

आमची प्रयोगशाळा हॅलाइड पेरोव्स्काइटवर काम करायची. नाव अवघड आहे, वस्तू अवघड नाही. सिझियम, शिसं आणि ब्रोमिन यांचे स्फटिक. इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, नुसता द्रव दिसतो, लिंबूपाण्यासारखा. त्यावर यूव्ही दिवा धरला की तो पेटतो. हिरवा. भाताच्या लावणीनंतर महिनाभरानं खाचरांवर येतो तो हिरवा, आणि तो आतून उजळलेला. टीव्हीचे पडदे, दिवे, लेसर, सगळ्या जगाला हा प्रकाश पाहिजे आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोंडावर हात ठेवला होता. एका द्रावणाचा थेंब दुसऱ्या द्रवात पडतो आणि डोळ्यांदेखत रंग जन्माला येतो. तो थेंब माझ्या हातून पडला होता. आमच्या वाडीतल्या हातून.

पण या स्फटिकांचा एक वैरी आहे. पाणी. नुसती हवेतली ओलसुद्धा त्यांना पुरते. आणि आम्ही कुठे बसलोय? रत्नागिरीत. जूनपासून भिंतींना पाझर, कपाटातल्या चपलांना बुरशी. एसी, डब्यात ओल शोषणारी सिलिका, सगळं करून बघितलं. चार दिवसांत हिरवा फिका पडायचा, आठवड्यात काहीच नाही. सर म्हणायचे, "हे काम कोकणात व्हायचंच नाही."

मला उत्तर सापडलं ते घरी. पडवीत.

जुलै होता. आई दिवसभर दुसऱ्यांच्या खाचरांत गुडघाभर पाण्यात लावणी करून आली होती. पायांना चिखल्या होऊ नयेत म्हणून बोटांच्या बेचक्यांत कोकमतेल चोळत होती. कोकमाच्या बियांचं तेल. थंड झालं की दगडासारखं घट्ट होतं, त्याचे मुठीएवढे गोळे करून ठेवतात.

मी विचारलं, "आये, यानं काय होतं?"

"पाणी लागू देत नाय."

"का नाय लागू देत?"

"आता त्येला काय सांगू? तू शिकलीस, तू सांग!" ती हसली. "सोळा वर्सं शाळंत घालवलीस नि तेलाला विचारतंयस का म्हणून."

मी खरोखरच शोधायला बसले. या स्फटिकांभोवती तेलकट आम्लाचं आवरण लागतं, ते आम्ही बाटलीबंद मागवायचो. कोकमतेलात तसलीच दोन आम्लं भरपूर असतात, एक पातळ राहणारं, एक घट्ट होणारं. मी बाजारातून गोळे आणले, आम्लं वेगळी केली, आवरण दिलं. फसलं. दुसऱ्या दुकानातून आणले. फसलं. गढूळ पाणी आणि खाली गाळ.

घरी येऊन रडकुंडीला आले. आईनं बाजारातला गोळा हातात घेतला, नखानं खरवडला, नाकाला लावला.

"ह्ये उन्हात वाळवलेल्या बियांचा हाय. नि एकदाच उकळलाय. असला म्हशीला पण लावू नये."

मग तिनं दाखवलं. बिया सावलीत वाळवायच्या. कुटून उकळायच्या. वर येईल ते तेल काढायचं आणि स्वच्छ पाण्यात परत उकळायचं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, खालचं पाणी नितळ दिसेपर्यंत. नितळ झालं की थांबायचं, एक कढसुद्धा जास्त द्यायचा नाही. हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं. मी वहीत लिहून घेतलं. तारीख, वेळ, किती कढ. आणि वर लिहिलं, "पद्धत: आई."

त्या तेलाचे स्फटिक ऑगस्टभर उघड्या बाटलीत ठेवले. रोज सकाळी दिवा धरायचा. रोज हिरवा. सप्टेंबर उजाडला. हिरवाच. सरांनी बाटली हातात घेऊन मला म्हटलं, "अगं, तू काय केलंस हे!" त्या दिवशी मी एसटीत उभ्यानं घरी गेले आणि पाय दुखले नाहीत.

म्हणून डिसेंबरात पुण्याहून शास्त्रज्ञ येणार, संस्थेचे लोक येणार, प्रकाश दाखवायचा, असं ठरलं तेव्हा मी सरांना म्हणाले, "आईला बोलावू? तेलाबद्दल विचारलं तर तीच सांगेल." सर म्हणाले, "येऊ दे ना, येऊ दे." त्यांनी काय ऐकलं, देव जाणे. मी देव मानत नाही, पण तुम्ही समजून घ्या.

आई चार दिवस आधीपासून तयारीला. नवे गोळे केले, डब्यात भरले. एसटीत शेजारच्या बाईला सांगत आली असणार, लेकीच्या लॅबात चाललंय म्हणून. ती सगळ्यांना सांगायची. कंडक्टरलासुद्धा.

आणि ती मोरीशी उभी होती, उघड्या हातांनी बाटल्या धूत.

त्या बाटल्यांत शिसं होतं. शिसं ज्या द्रवात विरघळवतात, तो द्रव कातडीतून थेट आत शिरतो. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचे. हातमोज्यांशिवाय कोणी बाटलीला शिवलं तर मी ओरडायचे. नियमच होता की आधी शिशाचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ओतायचं, मगच बाटली मोरीत न्यायची. त्या दिवशी घाईत सगळं तसंच मोरीत पडलं होतं. आणि माझ्या आईच्या बोटांना थंडीच्या भेगा होत्या.

हातमोज्यांचा खोका माझ्या उजव्या हाताशी होता. नुसता उचलून मोरीशी न्यायचा होता.

तेवढ्यात पाहुणे आले. दार लावलं, पडदे ओढले, दिवे मालवले. मी बटण दाबलं. हिरवा प्रकाश उसळला. "वा! वा!" झालं. टाळ्या झाल्या. अंधारात, मोरीच्या बाजूनं, पाण्याचा बारीक आवाज येत होता. मोरी आडभिंतीच्या पलीकडे. तिथून टेबल दिसत नाही.

पाहुण्यांनी विचारलं, "ही कोकमाची कल्पना कोणाची?"

सर हसले. "टीमवर्क. आणि खरं सांगू का, आमच्या पावसच्या घरी कोकमतेल पिढ्यान्‌पिढ्या आहे. लहानपणापासून बघतोय. परंपरेतलं विज्ञान म्हणतात ते हेच."

त्यांच्या घरी तेल होतं, हे खरं आहे. त्यासाठीच्या बिया त्यांच्या मागीलदारी बसून कोण कुटायचं, तेही खरं आहे. माझी आजी कुटायची. उंबऱ्याच्या बाहेर.

मी तेव्हाही बोलले नाही. दुसऱ्यांदा गप्प. पहिल्या वेळी घाबरले होते म्हणू. दुसऱ्या वेळेला काय म्हणू?

पाहुणे चहाला गेल्यावर मी धावत मोरीशी गेले. ती नव्हती. मागच्या व्हरांड्यात उभी होती. पदराला हात पुसत. बोटं लाल झालेली. पिशवी सरांनी सांगितली तिथेच, भिंतीशी ठेवलेली.

मी तिचे हात नळाखाली धरले. साबण लावला, परत लावला, परत. ती म्हणाली, "अगो, पुरे! बाटल्यांपरीस मलाच जास्त घासतंयस." मग म्हणाली, "लय बारीक गो तुझ्या बाटल्या. भातुकली घासल्यासारखा वाटला."

मला हसू यावं म्हणून बोलत होती.

मी म्हटलं, "आये, तू सांगितलं का नाहीस? मी हिची आई म्हणून?"

ती नळ बंद करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू होतीस ना तिथं."

बस्. एवढंच. राग नाही, टोमणा नाही. मी कितीतरी भाषणं ऐकली आहेत, दिली आहेत. हे चार शब्द मला उभी चिरून गेले. ती बोलली नाही, कारण बोलायचं काम माझं होतं. त्यासाठीच तर शिकवलं होतं मला. तिला वाटलं असणार, लेक गप्प आहे म्हणजे लेकीचं काहीतरी अडलेलं असेल. आपण बाटल्या धुतल्या तर तिचं निभेल.

मग तिनं विचारलं, "पेटला का तुझा हिरवा?"

"पेटला."

"बरा झाला."

मी म्हटलं, चल, आत चल, आत्ता दाखवते. ती म्हणाली, "नको. एसटी जाईल." एसटीला अजून तासभर होता.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर दोन कागद होते. एक माझा पीएचडीचा फॉर्म. दुसरा आमच्या शोधनिबंधाचा मसुदा, लेखकांच्या संमतीच्या पानासकट. त्यात माझं नाव दुसरं होतं. मी मसुदा वाचला. तेलाबद्दल एक ओळ होती. कोकम मेद स्थानिक बाजारातून खरेदी केला.

"सर, हे खोटं आहे. बाजारातलं तेल चाललंच नव्हतं. वहीत आहे."

"अगं, पद्धत म्हणून असंच लिहितात. पेपरात आईबिई लिहीत नाहीत."

"नाव लिहा. किती कढ ते लिहा. नाहीतर दुसऱ्या कोणाला जमणारच नाही हे."

"बघू पुढे. सही कर आधी."

मग मी म्हणाले, "शनिवारी तुम्ही जिला बाटल्या धुवायला लावलंत ती माझी आई होती."

सर खुर्चीत सरळ बसले. खरोखर दचकले. माणूस राक्षस नाही, हेच तर दुखणं आहे. म्हणाले, "अरे देवा. गैरसमज झाला गं. मला काय माहीत? तू सांगायचंस ना. तू तर तिथेच होतीस."

ते सगळ्यात खरं बोलले ते हेच वाक्य. पण गैरसमजाबद्दल मला बोलायचं आहे. त्या दिवशी ठेकेदाराची बाई येणार होती, हे खरं. पण त्याच सकाळी भंडारवाडीतली एक आई मुलाचा डबा घेऊन आली होती. तिला सरांनी खुर्ची दिली होती. तिच्याबद्दल गैरसमज झाला नाही. तो बरोब्बर आमच्यापाशी येऊनच का होतो? आजवर एकदा तरी आम्हाला बघून कोणाचा असा गैरसमज झालाय का, की या शास्त्रज्ञ असतील?

मी म्हणाले, "घरी येऊन तिची माफी मागा."

"घरी?" ते हसले. खोटं नव्हे, खरंच हसू आलं त्यांना. "माफी मागायला तुमच्या वाडीत येऊ? अगं, इथे बोलाव त्यांना, चहा पाजू, साडी देऊ. फार मनाला लावून घेऊ नकोस. फॉर्म तयार आहे तुझा."

मी पेन घेतलं. संमतीच्या पानावर माझ्या नावापुढे सहीची जागा होती. तिथे लिहिलं, "तेल खरेदी केलेलं नाही. ते सुलोचना यांनी स्वतःच्या पद्धतीनं तयार केलेलं आहे. संमती नाही." सही केली नाही. पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि उठले.

"वेडेपणा करतेयस. अशानं आयुष्याचं वाटोळं होतं."

"शनिवारी झालं, सर."

फॉर्म तिथेच राहिला. वही प्रयोगशाळेची, तीही राहिली. आठवड्याभरात मला प्रकल्पातून काढल्याचं पत्र आलं.

आईला घेऊन रक्त तपासायला गेले. तिला तेव्हा कळलं शिशाचं. रिपोर्ट बरा आला. ती म्हणाली, "बघ, काय झाला नाय." रिपोर्ट बरा आला म्हणून मी बरी ठरत नाही. मला शिसं माहीत होतं, तिला नव्हतं. मला माहीत असताना तिनं हात घातले.

निबंध छापून आला. माझं नाव नाही. तिचं तर नाहीच. तेल बाजारातलंच.

मग पाऊस लागला आणि सरांचा फोन आला. प्रयोगशाळेतला साठा संपला होता आणि बाजारातल्या तेलाचा एकही स्फटिक टिकत नव्हता. "आईंकडून थोडं मिळेल का? किती कढ द्यायचे ते वहीत आहे, पण आमच्या हातून होत नाहीये."

आई शेजारीच होती. मी फोन हातानं झाकून सांगितलं. मला वाटलं देईल. ती कोणालाही काहीही देते. पण ती म्हणाली,

"सांग त्येला, ये म्हणावा. हितं पडवीत बसू दे. मी शिकवतंय. पण सोता कुटायचा, सोता उकळायचा. नि पुढच्या दारानं येऊ दे, आमच्याकडं मागचा दार नाय."

मी जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "बघतो, कळवतो."

ते आले नाहीत. दोन पावलांची पडवी आहे आमची. शास्त्रासाठी परदेशात जाणारा माणूस तिथवर पोचू शकला नाही.

मला विचारतात, तुझं काय झालं आता? मी शिकवण्या घेते, संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते. पीएचडी नाही. प्रयोगशाळा नाही. सकाळी उठल्यावर हाताला सवयीनं दिवा धरावासा वाटतो, तो नाही. पण हे दुःख मला पेलतं. पेलत नाही ते दुसरंच. परवा एसटीत एका बाईनं आईला विचारलं, "मुलगी काय करते?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हाय घरीच." जी कंडक्टरला थांबवून सांगायची, ती. आणि तिनं तो हिरवा अजून पाहिलेला नाही. तिच्या तेलानं पेटलेला प्रकाश सगळ्या पाहुण्यांनी पाहिला, तिनं नाही.

तिनं मला माफ केलंय. मी विचारलंही नव्हतं. मी ती माफी घेणार नाही. घेतली तर पुढच्या वेळी परत गप्प बसायची सोय होईल.

म्हणून मी ठरवलंय. यापुढे माझ्यासमोर कोणी कोणाला "वाडी कुठली?" विचारलं, तर आधी मी माझी वाडी सांगणार, मोठ्यानं. आणि मग विचारणाऱ्याला त्याची वाडी विचारणार, चारचौघांत, तो सांगेपर्यंत. कार्यक्रम थांबला तर थांबू दे.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही प्राध्यापक असाल, संशोधक असाल, विद्यार्थी असाल. "फार वाईट झालं" असं म्हणून हा कागद घडी करून ठेवू नका, मला तुमचं वाईट वाटणं नको आहे. तुमच्या टेबलावर जो निबंध, जो अहवाल, जो प्रकल्प सहीसाठी पडलाय, तो आज उघडा. त्यातलं ज्ञान कोणाच्या हातून आलं ते शोधा. कोळीण असेल, गुराखी असेल, शेतात राबणारी बाई असेल. नाव त्यात नसेल तर लिहा. लिहू देत नसतील तर सही करू नका.